काउन्सिलने टॅक्सीचं लायसन्स सस्पेंड केलं तर? इंग्लंड-वेल्समधल्या चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड आणि वेल्समध्ये टॅक्सी किंवा प्रायव्हेट हायर चालवणारे आपले लोक, त्यांच्या घरचे आणि अधूनमधून प्रवासीही जे विचारत राहतात ते इथे एकत्र केलं आहे. लंडन, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची रीत वेगळी. ती प्रश्न १९ मध्ये. नोटीस हातात घेऊनच आला असाल तर थेट प्रश्न ५ गाठा, बाकीचं सावकाश वाचा.

१. टॅक्सीचं लायसन्स काउन्सिल का देतं? इथे आरटीओ नाही का?

आपल्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स, बॅज, परमिट या सगळ्यासाठी पाय आरटीओकडेच वळतात. इथे गाडी चालवायचं लायसन्स डीव्हीएलए देते, पण भाडं घेऊन प्रवासी बसवायची परवानगी स्थानिक काउन्सिलची असते. तीही एक नव्हे, तीन: ड्रायव्हरची (तिची खूण म्हणजे बॅज), गाडीची (मागे लागते ती प्लेट) आणि बुकिंग घेणाऱ्या ऑपरेटरची. रस्त्यात हात दाखवून थांबवता येते आणि स्टँडवर उभी राहते ती हॅकनी. आधी बुक करावी लागते ती प्रायव्हेट हायर. बोलताना आपण दोन्हींना टॅक्सीच म्हणतो आणि या पानावरही तसंच म्हटलं आहे. फरक पडतो तिथे वेगळं सांगितलं आहे.

हॅकनीचा मूळ कायदा १८४७ चा, म्हणजे घोडागाड्यांच्या काळातला. त्यावर १९७६ चा स्थानिक शासन कायदा आला आणि आज निलंबनाचं जवळजवळ सगळं त्याच्या कलम ६१ भोवती फिरतं. प्लिमथ शहराचा मात्र स्वतःचा १९७५ चा कायदा आहे. तिथले असाल तर खालचे कलमांचे आकडे तुमच्या नोटिशीशी जुळणार नाहीत.

२. सस्पेंड होणं आणि रद्द होणं यात फरक काय? बॅज तर दोन्हीत जातो.

निलंबनात लायसन्स तुमच्याच नावावर राहतं, फक्त ठरलेल्या मुदतीपुरतं किंवा एखादी अट पुरी होईपर्यंत त्याच्यावर गाडी चालवता येत नाही. मुदत संपली की ते पुन्हा चालू. रद्द झालं तर संपलंच. पुन्हा हवं असेल तर नव्याने अर्ज, नव्याने तपासणी, नव्याने फी. तिसरा प्रकार नूतनीकरण नाकारण्याचा. ड्रायव्हरचं लायसन्स साधारणपणे तीन वर्षांचं असतं, त्यामुळे काही काउन्सिलं हे हत्यार मुदत संपताना उपसतात. कलम तिन्हींना एकच आहे आणि अपिलाचा रस्ताही एकच (प्रश्न १३).

३. कोणत्या कारणावरून सस्पेंड करता येतं?

कलम ६१ मधली कारणं थोडक्यात अशी. लायसन्स मिळाल्यानंतर अप्रामाणिकपणा, अश्लील वर्तन किंवा हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा होणं; टॅक्सीच्या कायद्याचाच भंग; इमिग्रेशनचा गुन्हा किंवा दंड; आणि चौथं, ज्यात सगळं मावतं ते, 'अन्य कोणतंही वाजवी कारण'. प्रत्यक्षातल्या बऱ्याच नोटिसा या चौथ्या खणातून येतात. प्रवाशाशी भांडण, भाड्यात गडबड, कुत्रा नाकारणं (प्रश्न ११), अटक, तब्येत, काहीही.

या सगळ्यामागे एकच प्रश्न असतो: हा माणूस टॅक्सी चालवायला लायक आणि योग्य आहे का? परिवहन खात्याने जुलै २०२० मध्ये काढलेल्या मानकांत त्याची कसोटी साध्या भाषेत दिली आहे. तुमच्या जवळच्या व्यक्तीला, तिची अवस्था कशीही असो, दिवसा-रात्री कोणत्याही वेळी या ड्रायव्हरच्या गाडीत एकटं बसवाल का? उत्तर पन्नास-पन्नास टक्के असेल तरी लायसन्स नको, असं ती मानकं सांगतात. संशयाचा फायदा आरोपीला हे आपण सिनेमात ऐकलेलं असतं. इथे संशयाचा फायदा प्रवाशाला मिळतो, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप समजतात.

इतका कडकपणा का, याला इतिहास आहे. रॉदरहॅममध्ये १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं असा अंदाज २०१४ मध्ये प्रा. अॅलेक्सिस जे यांच्या अहवालाने मांडला, आणि त्यात टॅक्सीचालकांचा भाग ठळकपणे पुढे आला. २०१५ मध्ये लुईस केसी यांच्या तपासणीने काउन्सिलच्या कारभारावर, टॅक्सी लायसन्सिंगसकट, कडक ताशेरे ओढले आणि सरकारने आयुक्त नेमून कारभार हाती घेतला. तेव्हापासून प्रत्येक काउन्सिलच्या मनात एकच धास्ती आहे: पुढचं रॉदरहॅम आपलं नको. प्रामाणिक ड्रायव्हरला याचा जाच होतो हे खरं. पण काउन्सिलसमोर 'तुम्ही उगाच छळताय' असा सूर लावलात तर समोरच्यांच्या डोळ्यांपुढे हेच अहवाल असतात.

४. निर्णय नेमका घेतं कोण? नगरसेवक की साहेब?

दोन्ही होतं. काउन्सिलला हा अधिकार कमिटीकडे किंवा अधिकाऱ्याकडे सोपवता येतो. तातडीचं निलंबन बहुतेक ठिकाणी वरिष्ठ अधिकारी करतो, शांतपणे ठरवायच्या बाबी लायसन्सिंग कमिटीच्या छोट्या पॅनेलपुढे जातात. तुमच्या काउन्सिलमध्ये कोणाला काय अधिकार आहेत ते त्यांच्या संविधानात (काउन्सिलच्या कारभाराच्या नियमावलीत) लिहिलेलं असतं आणि ते वेबसाइटवर मिळतं. अधिकार नसलेल्या माणसाने सही केली असेल तर तो मुद्दा अपिलात फार मोलाचा.

पॅनेलची सुनावणी कोर्टासारखी दिसत नाही. लांबट टेबलापलीकडे साधारण तीन नगरसेवक, बाजूला लॅपटॉप उघडून बसलेला कायदा सल्लागार आणि एक इतिवृत्त लिहिणारा. लायसन्सिंग ऑफिसर अहवाल वाचतो, नगरसेवक तुम्हाला प्रश्न विचारतात, शेवटचा शब्द तुम्हाला देतात आणि सगळ्यांना बाहेर पाठवून ठरवतात. वैयक्तिक माहिती असल्याने प्रेक्षक-पत्रकार सहसा आत नसतात. सोबत वकील, युनियनचा माणूस किंवा मित्र नेऊ द्या असं आधी लेखी कळवा. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला दुभाषी म्हणून नेऊ नका. बापावरचे आरोप तिच्याच तोंडून वाचून घेणं दोघांनाही जड जातं.

५. आज नोटीस आली. आधी काय बघू?

तारीख, आणि 'तात्काळ' हा शब्द.

साध्या निलंबनाची अंमलबजावणी नोटीस दिल्याच्या दिवसापासून मोजून २१ दिवस संपल्यावर होते. तोवर बॅज चालू असतो. पण सार्वजनिक सुरक्षेसाठी निर्णय लगेच लागू करणं गरजेचं आहे, असं काउन्सिलला वाटलं तर तो नोटीस हातात पडताक्षणी लागू होतो. त्यासाठी दोन गोष्टी नोटिशीतच हव्यात: निर्णय तात्काळ लागू आहे असं विधान आणि तसं का, याचं स्पष्टीकरण. पत्राच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हे असेलच असं नाही. बऱ्याचदा ते दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात 'सार्वजनिक सुरक्षेच्या हितासाठी' अशा शब्दांत दडलेलं असतं. ते आहे की नाही याची खात्री होईपर्यंत गाडी काढू नका.

कारणंही लेखी मिळायला हवीत; कायद्यात त्यासाठी १४ दिवस दिले आहेत. बॅज परत मागितला तर द्या आणि पोच घ्या. बॅज अडवून धरण्यात काही मिळत नाही, उलट नवी तक्रार ओढवते. लिफाफा ठेवा, मिळाल्याची तारीख त्यावर लिहा. अपिलाची मुदत तिथूनच मोजली जाते.

६. 'चौकशी पूर्ण होईपर्यंत सस्पेंड' असं लिहिलंय. हे चालतं का?

हा पुन्हापुन्हा येणारा प्रश्न आहे, आणि इथे काउन्सिलंही घसरतात. नोकरीत चौकशी होईपर्यंत माणसाला घरी बसवतात, तसं हे निलंबन नाही. २०१२ मध्ये हायकोर्टाने कार्डिफ काउन्सिलच्या प्रकरणात सांगितलं की कलम ६१ खालचं निलंबन ही तात्पुरती थांबवणूक नसून विचारांती घेतलेला निर्णय आहे. आधी ड्रायव्हरला बाजू मांडायची संधी द्यायची, लायक आहे की नाही ते ठरवायचं आणि मग निलंबन की रद्द ते निवडायचं. एकदा निलंबन निवडलं की त्याच कारणासाठी, नवीन काही घडलं नसताना, दोन महिन्यांनी पुन्हा लायसन्स रद्द करता येत नाही.

ऐकायला ही ड्रायव्हरच्या बाजूची गोष्ट वाटते. झालं मात्र उलटंच. गंभीर आरोप असेल तर आता काउन्सिल निलंबनाच्या फंदात न पडता थेट लायसन्स रद्दच करतं आणि सांगतं, आरोप खोटा ठरला तर पुन्हा अर्ज करा. त्यामुळे 'निलंबनाऐवजी रद्द का केलं' यावर चिडण्याआधी हा निकाल ध्यानात घ्या.

७. नुसता आरोप आहे, कोर्टात काही सिद्ध नाही. आणि निर्दोष सुटलो तर?

फौजदारी कोर्टाचा निकाल हा काउन्सिलसाठी एक पुरावा, शेवटचा शब्द नव्हे. फौजदारी कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. इथे 'घडलं असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त' इतकं पुरतं. रशक्लिफ काउन्सिलच्या १९९८ च्या प्रकरणात हायकोर्टाने ऐकीव माहितीही विचारात घेता येते असं म्हटलं. लीड्सच्या २००२ च्या प्रकरणात खटला उभा राहण्याआधीच, नुसत्या आरोपपत्रावरून निलंबन करणं योग्य ठरलं.

मग निर्दोष सुटण्याला काही अर्थ नाही का? आहे, पण कारणावर अवलंबून. साक्षीदार आलाच नाही म्हणून सुटलात तर काउन्सिल मूळ हकीकत पुन्हा तपासेल. घटनेच्या वेळी तुम्ही दुसऱ्या शहरात होता हे जीपीएसवरून सिद्ध झालं असेल तर गोष्ट वेगळी. निकालाची प्रत, वकिलाचं पत्र, डॅशकॅमचं चित्रण, जे असेल ते स्वतःहून द्या. काउन्सिल शोधत बसत नाही.

८. घर माझ्या एकट्याच्या कमाईवर चालतं. हे सांगितलं तर ऐकतात का?

माणूस म्हणून ऐकतात. कायद्याने त्याचं वजन जवळजवळ शून्य आहे. वर उल्लेखलेल्या लीड्सच्या निकालात आणि चेरवेलच्या २०११ च्या निकालात हायकोर्टाने स्पष्ट केलं की प्रश्न प्रवाशांच्या सुरक्षेचा आहे. ड्रायव्हरच्या पोटावर पाय येतो का हा मुद्दा त्यात बसत नाही. वैयक्तिक परिस्थिती फार क्वचित उपयोगी पडते, आणि तीही वागण्याचं स्पष्टीकरण म्हणून.

आपले लोक सुनावणीला मॉर्गेजचे कागद, मुलांच्या फीच्या पावत्या, गाडीच्या हप्त्याचं स्टेटमेंट अशी फाइल घेऊन जातात. त्या फाइलचं ओझं वाहून काही उपयोग नाही. त्याऐवजी जे बोललात-वागलात त्याबद्दलचं स्पष्टीकरण, इतक्या वर्षांत तक्रार नसल्याची नोंद, नियमित प्रवाशांची पत्रं आणि चूक झाली असेल तर त्यानंतर केलेला कोर्स असं द्या. तीनच कागद असले तरी चालतील, पण मुद्द्याचे.

९. स्पीडिंगबद्दल ड्रायव्हिंग लायसन्सवर दंडाचे पॉइंट आले. काउन्सिलला सांगावं लागतं का?

हो, आणि लगेच. २०२० च्या मानकांप्रमाणे लैंगिक गुन्हा, अप्रामाणिकपणा, हिंसा किंवा वाहतुकीचा कोणताही गुन्हा यात अटक होऊन सुटका, आरोप किंवा शिक्षा झाली तर ४८ तासांत कळवायचं. तुमच्या लायसन्सच्या अटींत नेमके शब्द काय आहेत ते बघा, कारण अटी प्रत्येक काउन्सिलच्या वेगळ्या.

तीन पॉइंटांनी लायसन्स जात नाही. लपवलेले तीन पॉइंट मात्र अप्रामाणिकपणाच्या खात्यात जमा होतात आणि तिथे ते फार महाग पडतात. लपवणंही आता सोपं राहिलेलं नाही. डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी) दर सहा महिन्यांनी तपासावं असं मानकं सांगतात, डीव्हीएलएची नोंद काउन्सिल पाहतं आणि गंभीर बाबतीत पोलीस स्वतःहून कळवतात.

हातात मोबाइल धरून गाडी चालवताना पकडलं गेलं तर दंडाबरोबर सहा पॉइंट. त्यात दोषी ठरलेल्या अर्जदाराला पाच वर्षं लायसन्स देऊ नये असं मानकं म्हणतात. दारू पिऊन चालवल्याबद्दल सात वर्षं, हिंसेसाठी दहा, आणि लैंगिक गुन्ह्याला कधीच नाही. हे आकडे नव्या अर्जासाठी लिहिलेले असले तरी जुन्या बॅजधारकाचा निर्णय करताना काउन्सिल तीच पट्टी लावतं. 'शिक्षा जुनी झाली, आता विसरली गेली' हा नियम टॅक्सीवाल्यांना तसाच लागू नाही. जुन्या शिक्षाही अर्जात लिहाव्या लागतात.

१०. काउन्सिलचे स्वतःचेही पॉइंट असतात म्हणे. बारा झाले की आपोआप सस्पेंड?

डीव्हीएलएचे पॉइंट वेगळे, हे वेगळे. बॅज न लावणं, अस्वच्छ गाडी, नको तिथे उभं राहणं अशा बारीकसारीक गोष्टींसाठी काही काउन्सिलं पॉइंट देतात आणि ठरावीक आकड्यानंतर प्रकरण कमिटीपुढे नेतात. योजना बेकायदा नाही. पण 'आपोआप' हा शब्द मान्य करू नका. आकडा गाठला तरी काउन्सिलला तुमच्या प्रकरणाकडे बघून निर्णय घ्यावाच लागतो. धोरणाला चिकटून डोळे मिटून घेतलेला निर्णय अपिलात टिकत नाही.

११. अंध प्रवाशाचा कुत्रा घ्यायला नाही म्हटलं. एवढ्यावरून निलंबन?

एवढ्यावरूनही होतं. मार्गदर्शक किंवा सहायक कुत्र्यासह आलेल्या अपंग प्रवाशाला नाकारणं हा समानता कायदा २०१० खाली गुन्हा आहे, हॅकनीला आणि प्रायव्हेट हायरलाही. दंड १,००० पौंडांपर्यंत, आणि त्याच्यावर काउन्सिलची कारवाई वेगळी. जादा भाडं लावणंही गुन्हाच. कुत्र्याची भीती वाटते, सीटवर केस राहतात, धर्मात बसत नाही, ही कारणं चालत नाहीत. अॅलर्जी किंवा दमा असेल तर डॉक्टरी पुराव्यावर काउन्सिलकडून सूट-पत्र आधी घ्यायचं आणि गाडीत दिसेल असं लावायचं. प्रवासी समोर उभा असताना आठवलेली अॅलर्जी कोणी मानत नाही.

१२. गुन्हा नाही, तक्रार नाही, फक्त तब्येत बिघडली. तरी सस्पेंड?

हो. बहुतेक काउन्सिलं टॅक्सीचालकाला बस-लॉरीवाल्यांचा वैद्यकीय दर्जा लावतात, साध्या कारचालकापेक्षा वरचा. हृदयविकाराचा झटका, फिट, इन्सुलिन सुरू होणं, यांपैकी काही झालं की काउन्सिलला आणि डीव्हीएलएला कळवायचं. असं निलंबन डाग समजू नका. तज्ज्ञाचा दाखला आणला की ते उठतं. न कळवता चालवत राहिलात आणि अपघात झाला, तर मात्र विमा आणि लायसन्स दोन्ही धोक्यात.

माझं लायसन्स ठीक आहे पण *गाडीची* प्लेट सस्पेंड केली, असंही बरेच जण लिहितात. ते कलम ६८ चं. काउन्सिलचा अधिकारी किंवा पोलीस गाडी तपासून, ती धड नाही असं वाटलं तर जागीच प्लेट निलंबित करू शकतो. दुरुस्ती करून दोन महिन्यांच्या आत त्याचं समाधान केलं नाही तर प्लेट रद्द झाली असं कायदाच धरतो. अपघातात गाडीला जाणवण्याजोगं नुकसान झालं तर ७२ तासांत कळवणंही बंधनकारक आहे.

१३. अपील कुठे, किती दिवसांत, किती खर्चात?

मॅजिस्ट्रेट कोर्टात. निर्णयाची नोटीस मिळाल्यापासून २१ दिवसांत. ही मुदत दगडावरची रेघ समजा: स्टॉकटनच्या २००९ च्या प्रकरणात हायकोर्टाने सांगितलं की ती वाढवायचा अधिकार मॅजिस्ट्रेटनाच नाही. आजारी होतो, भारतात गेलो होतो, वकिलाने उशीर केला, काहीही चालत नाही. काउन्सिलला पाठवलेलं तक्रारपत्र म्हणजे अपील नव्हे. कित्येक जण काउन्सिलशी ईमेलवर वाद घालण्यात हे तीन आठवडे घालवतात.

कोर्टात प्रकरण नव्याने ऐकलं जातं, नवे पुरावे देता येतात. तरीही काउन्सिलच्या निर्णयाला मान दिला जातो आणि तो चुकीचा होता हे दाखवायची जबाबदारी तुमची. हरलात तर काउन्सिलचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. जिंकलात तरी तुमचा खर्च परत मिळेलच असं नाही, कारण ब्रॅडफर्डच्या २००० च्या निकालानुसार काउन्सिल प्रामाणिकपणे आणि वाजवीपणे वागलं असेल तर सहसा त्याच्यावर खर्च लादत नाहीत. अशा अपिलांना लीगल एड (वकिलाच्या खर्चासाठी सरकारी मदत) साधारणपणे मिळत नाही. म्हणून दोन आठवड्यांच्या निलंबनाविरुद्ध हजारो पौंड खर्चून लढण्यात शहाणपण दिसत नाही. लायसन्स रद्द झालं असेल तर हिशेब वेगळा. मॅजिस्ट्रेट कोर्टानंतर क्राउन कोर्ट आहे.

१४. अपील केलं. निकाल लागेपर्यंत टॅक्सी चालवू का?

साधं (२१ दिवसांनी लागू होणारं) निलंबन असेल आणि अपील मुदतीत दाखल झालं असेल तर हो, निर्णय अपिलाच्या निकालापर्यंत थांबतो. तात्काळ निलंबन असेल तर नाही. अपील केलं तरी बॅज बंदच, आणि कोर्टाची तारीख महिन्यांनी लागली तरी बंदच. म्हणून प्रश्न ५ मधला तो एक शब्द इतका महत्त्वाचा.

१५. सस्पेंड असताना माझीच गाडी घेऊन मुलांना शाळेत सोडलं तर काय बिघडलं? भाडं तर घेत नाही.

बिघडतं, आणि यात बरेच जण बिनघोर सापडतात. प्लेट लागलेली गाडी चोवीस तास टॅक्सीच असते; भाजी आणायला निघालेली असली तरी. कोर्टाने हे हॅकनीबाबत १९७० मध्ये आणि प्रायव्हेट हायरबाबत १९९७ मध्ये ठरवलं आहे. ती फक्त चालू बॅज असलेला माणूसच चालवू शकतो. म्हणजे तुम्हीही नाही आणि बायकोही नाही, तिचं ड्रायव्हिंग लायसन्स कितीही स्वच्छ असलं तरी. विमाही लागू होत नाही, म्हणजे विनाविमा चालवल्याचे किमान सहा पॉइंट वर. निलंबन लांबचं असेल तर प्लेट काउन्सिलकडे परत करा, विमा खासगी वापराचा करून घ्या आणि मग ती गाडी घरची म्हणून चालवा. बॅज चालू असलेल्या ओळखीच्या ड्रायव्हरला गाडी चालवायला देता येते, त्याच काउन्सिलचा बॅज आणि विमा असेल तर.

१६. दुसऱ्या काउन्सिलकडून लायसन्स काढलं तर?

पूर्वी ही पळवाट होती. एका शहराने काढलं की शेजारच्या शहरात अर्ज. आता इंग्लंडमधल्या काउन्सिलांना सुरक्षेच्या कारणावरून केलेलं निलंबन, रद्द करणं किंवा नकार पाच कामकाजाच्या दिवसांत राष्ट्रीय नोंदवहीत टाकावा लागतो आणि नवा अर्ज आला की ती वही बघावीच लागते. हे बंधन २०२२ च्या कायद्याने आणलं आणि एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. नोंद ११ वर्षं राहते. नोंद असली की नकारच असं नाही, नवं काउन्सिल कारण विचारून स्वतः ठरवतं. अर्जात 'पूर्वी कधी निलंबन झालंय का' याला 'नाही' लिहिलंत तर मात्र नकार पक्का.

वुल्व्हरहॅम्प्टनचा बॅज घेऊन मँचेस्टरला चालवणारे विचारतात, तिथल्या काउन्सिलला माझ्यावर काय अधिकार? निलंबनाचा अधिकार बॅज देणाऱ्याचाच. पण ज्या गावात घटना घडली तिथल्या काउन्सिलला सुरक्षेची बाब कळली तर ती त्याने १० कामकाजाच्या दिवसांत तुमच्या काउन्सिलला कळवायची आणि त्याने २० कामकाजाच्या दिवसांत विचार करून उत्तर द्यायचं. बाहेरगावी चालवण्याची ही मुभाच बंद करावी, असं केसी यांनी जून २०२५ च्या अहवालात सुचवलं आहे.

१७. अॅपने मला बंद केलं. म्हणजे लायसन्स गेलं?

नाही. अॅप म्हणजे ऑपरेटर. त्याने खातं बंद करणं हा तुमचा आणि त्याचा मामला. पण गंभीर तक्रार असेल तर तो काउन्सिलला कळवतो, म्हणून खातं बंद झाल्यावर काउन्सिलच्या पत्राकडे लक्ष ठेवा. उलट दिशेने मात्र साखळी पक्की: बॅज सस्पेंड झाला की ऑपरेटर तुम्हाला एकही काम देऊ शकत नाही.

१८. व्हिसा आणि भारतातले कागद याचा काही संबंध?

आहे. काम करण्याचा हक्क संपला की लायसन्सही संपतं. मुदतीचा व्हिसा असेल तर लायसन्स त्या तारखेपुढे दिलंच जात नाही. इमिग्रेशनचा दंड हे निलंबनाचं स्वतंत्र कारण आहे (प्रश्न ३). स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही, त्यामुळे 'वीकेंडला मित्राच्या बॅजवर चालव' हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. त्यात दोघंही बुडतात.

अठरा वर्षांचे झाल्यानंतर सलग तीन महिने किंवा जास्त परदेशात राहिला असाल तर त्या देशाचा चारित्र्याचा दाखला मागतात. भारतासाठी तो पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. लायसन्स चालू असताना गावी जाऊन चार महिने राहिलात तर नूतनीकरणाला तोच दाखला पुन्हा लागू शकतो. परत निघण्याआधी काउन्सिलला विचारून घेतलेलं बरं.

१९. लंडन, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडचं काय?

लंडनमध्ये काउन्सिल नव्हे, ट्रान्सपोर्ट फॉर लंडन लायसन्स देते आणि सस्पेंडही करते, वेगळ्या कायद्यांखाली. स्कॉटलंडमध्ये काउन्सिलच, पण १९८२ च्या तिथल्या कायद्याने: तात्काळ निलंबन सहा आठवड्यांपर्यंत आणि अपील २८ दिवसांत शेरीफकडे (तिथल्या न्यायाधीशाकडे). तिथे 'तात्पुरतं निलंबन' खरोखर अस्तित्वात आहे, म्हणून ग्लासगोच्या मित्राचा अनुभव लेस्टरमध्ये लावू नका. उत्तर आयर्लंडमध्ये हे काम ड्रायव्हर अँड व्हेइकल एजन्सीचं.

२०. मी ड्रायव्हर नाही, प्रवासी आहे. तक्रार कुठे करू?

गाडीच्या मागच्या प्लेटवर काउन्सिलचं नाव आणि क्रमांक असतो, ड्रायव्हरच्या बॅजवर त्याचा. दोन्हींचा फोटो घ्या, तेवढं जमलं नाही तर बुकिंगची पावती पुरते. तक्रार त्या प्लेटवरच्या काउन्सिलकडे करा, तुम्ही राहता तिथल्या नव्हे. ऑपरेटरलाही कळवा, पण तिथेच थांबू नका. गुन्हा वाटत असेल तर आधी पोलीस. निनावी तक्रार काउन्सिल वाचतं, पण सुनावणीला बोलायला कोणी नसेल तर तिचं वजन फार कमी होतं.

२१. निलंबनाची मुदत संपली. बॅज आपोआप चालू होतो का?

ठरावीक मुदतीचं असेल तर त्या तारखेनंतर चालू, पण बॅज प्रत्यक्ष हातात येईपर्यंत आणि ऑपरेटरने तुम्हाला पुन्हा नोंदवेपर्यंत थांबा. अट घातलेली असेल (कोर्स, वैद्यकीय दाखला, इंग्रजीची परीक्षा) तर अट पुरी झाल्याचं काउन्सिलचं पत्र लागतं, तुमचं सर्टिफिकेट पुरत नाही. लायसन्सची मूळ मुदत मात्र निलंबनाने लांबत नाही. निलंबनाच्या काळात ती संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज वेळेवरच करा, नाहीतर निलंबन उठेल आणि लायसन्सच उरलेलं नसेल. विमा कंपनीला निलंबनाची माहिती द्यायची असते. पुढच्या वर्षीचा हप्ता वाढला तर तो त्यामुळेच.